इथलं इथंच

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ केला नाही. शेजारच्या काकू वाटी घेऊन फाटकापर्यंत आल्या, मग आठवलं असावं, तिथूनच वळल्या. बरं झालं.

झोप नाही म्हणून लिहायला बसले. ऑफिसात दरवर्षी डायरी मिळते, मी ती भैरवीला देऊन टाकते. यंदा ठेवली.

माझ्या थोरल्या अनघाला जाऊन तीन महिने झाले. दसऱ्यानंतरच्या रविवारी नवऱ्यासोबत, पियूषसोबत, त्यांच्या वावरात गेली होती. मोहद्याच्या अलीकडे त्यांचं शेत आहे. तिथल्या विहिरीत पडली. पाय घसरून, असं कागदावर आहे. तिची चिऊ तेव्हा आमच्याकडेच होती, अजून आमच्याकडेच आहे. दोन वर्षांची. आईला शोधत नाही आता. तेच जास्त लागतं.

आज विहीणबाईंचा यवतमाळहून फोन. चिऊची चौकशी. मग — "सुचित्राताई, लेकराले मावशीसारखी आई कोन मिळन? घरातलं घरात राहील. वर्षाच्या आत झालं तर बरं, नाही तं मग तीन वर्सं थांबा लागते."

मावशी म्हणजे माझी भैरवी. धाकटी.

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे."

१७ जानेवारी

विचार करण्यासारखं! मी तेच करून राहिले आहे. दुसरं काही करतच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

शाळेच्या ऑफिसात हजेरीपटावर एकाच वर्गाची बेरीज पुन्हा पुन्हा चुकली. संगीता राठोड शेजारच्या टेबलावर असते, फुलसावंगीकडची. तिनं पेन काढून घेतलं हातातून.

म्हणाली, "मॅडम, तुमी चर्चमागच्या विमलताईकडं जा. माहे सासरे गेल्यावर मी भिताडाशी बोलत होती. त्या बाईनं मले माणसात आणलं."

मी म्हटलं, आपण काही ख्रिश्चन नाही.

"मी कोनती हाय? लाडू खाऊन आली परसाद म्हणून, झालं! बाप्तिस्मा काही चहात घालून नाही देत त्या."

किती दिवसांनी हसू आलं. मग लाज वाटली.

२५ जानेवारी, शनिवार

गेले. ह्यांना मंडईत जाते म्हणून सांगितलं.

चर्चच्या मागे एक खोली. बाहेर पाटी — ख्रिस्ती समुपदेशन केंद्र. मनाचे त्रास, दुःख, घरातले कलह. सर्वांसाठी. आत दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या. म्हणजे वाटलं तर खिडकीकडे बघता येतं. माठ, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. विमलताई माझ्यापेक्षा मोठ्या, पांढरे केस, सुती साडी. नर्स होत्या, मग नागपूरला हे शिक्षण घेतलं.

बसल्यावर आधी त्यांनीच सांगितलं. "इथं बोललेलं इथंच राहतं. तुमच्या मालकांना कळणार नाही, आमच्या चर्चच्या पाळकांनाही नाही. फक्त दोन वेळेस मी तोंड उघडीन. एक — तुम्ही स्वतःच्या जिवाचं काही करायला निघालात तर. दुसरी — तुमच्या हातून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं तर. कबूल असेल तर बोला."

मी मान हलवली. बोलले काहीच नाही. पूर्ण वेळ खिडकीतून बकऱ्या बघितल्या. विमलताईंनीही घाई केली नाही. अवघडले नाही, हे विशेष.

निघताना विचारलं, "प्रार्थना करू का? नको म्हटलं तरी चालतं."

नको म्हटलं. त्या हसल्या. "बरं."

१ फेब्रुवारी

ह्यांना कळलं. पांढरकवड्यात काय लपतं! जेवताना म्हणाले, "काहून, बाटायला चालली काय आता?" ताटावरून उठले नाहीत मात्र. भाकरी मागितली दुसरी. म्हणजे रागावले नाहीत फार.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बोलले.

अनघा विहिरीजवळ जायची नाही. लहानपणी मामाच्या गावी विहिरीतून मेलेलं वासरू काढताना बघितलं होतं तिनं, तेव्हापासून. कॉलेजात असतानाही सहलीला गेली की विहिरीपासून लांब उभी. लग्न झाल्यावर पियूष थट्टा करायचा — "हिला बालटीतलं पाणी चालतं, विहिरीतलं नाही!" मग ती काठावर गेलीच कशाला?

आणि चपला. तिच्या चपला काठाच्या दगडावर ठेवलेल्या होत्या. जोडीनं, नीट. पाय घसरणारा माणूस आधी चपला काढून ठेवतो का? पियूष म्हणाला, पाय धुवायला गेली असेल, मी पंपाच्या मोटारीच्या पेटीपाशी होतो, मला आवाजच आला नाही. पोलिसांनी ते लिहून घेतलं. संपलं.

विमलताईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "सुचित्राताई, तीन उत्तरं असू शकतात. घसरली. स्वतः गेली. किंवा कुणी... तुम्हाला कुठलं हवं आहे?"

हवं आहे! मला इतका राग आला. पण घरी पोचेपर्यंत तोच प्रश्न. खरं सांगायचं तर स्वतः गेली हे मला सहन होणार नाही. त्यापेक्षा पियूषनं केलं असं असलेलं बरं. म्हणून तर मी त्याच्यावर संशय घेत नाही ना?

आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही.

१५ फेब्रुवारी

प्रार्थना करा म्हटलं आज. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघतच बोलल्या, शेजारणीशी बोलावं तसं. "प्रभू, ही आई थकली आहे. तिला सत्य सोसायची ताकद दे, ते कोणतंही असो." एवढंच.

आज झोप येते आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. रंग नाही. पियूष आला. पुरणपोळी घेऊन, त्याच्या आईनं दिलेली.

माणूस वाईट दिसत नाही, हेच तर. ह्यांच्या पाया पडला. चिऊ पळत गेली त्याच्याकडे. तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरला. अनघाच्या फोटोचा हार सुकला होता, तो स्वतः बदलला. ह्यांचे डोळे भरले.

भैरवी चिऊचं दूध तापवत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा. म्हणाला, "अनघा साय काढून मग द्यायची." भैरवीनं साय काढली. "कपात नाही. स्टीलच्या पेल्यात." तिनं पेला घेतला. "आता बघ. अगदी तीच."

भैरवी हसली. मी पोळी लाटत होते, लाटणं थांबलं.

जाताना तिला म्हणाला, "केस बांधत जा गं. तुला बांधलेलेच शोभतात." अनघा बांधायची.

१६ मार्च

भैरवीनं होकार दिला. मला न विचारता, ह्यांना.

यवतमाळला बी.एड.चं शेवटचं वर्ष आहे तिचं. म्हटलं, परीक्षा? म्हणाली, "चिऊचे बाबा म्हणतात नोकरी कायले पाहिजे. बघू नंतर." मग माझ्या जवळ बसली. "आई, परवा चिऊ मला आई म्हणाली. मी नाही म्हणाले तर तिला दुसरी कोणी तरी येईल. मग ती आपली राहील का?"

 

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लग्न. तीस एप्रिल. घरच्या घरी, नोंदणी पद्धतीनं.

२२ मार्च, शनिवार

मला एक सुचलं. संगीता म्हणाली होती, चर्चच्या मंडळीत लग्नाआधी नवरा-नवरीला विमलताईंकडे काही वेळा बसावं लागतं. दोघांचा स्वभाव, राग, भीती सगळं बोलायचं. मगच पाळक लग्न लावतात.

मी घरात अट घातली. पियूष आधी विमलताईंकडे बसेल. एवढंच मागते आहे, दुसरं काही नाही.

हे ओरडले. "आपल्यात असं कुठं असते? जावयाले चर्चमधी पाठवते!" मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "हे नवीनच!" पियूष मात्र लगेच हो म्हणाला. "चालेल की आई. तुमच्या मनासारखं होऊ द्या. मलाही कुणाशी तरी बोलायचंच आहे."

विमलताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याला मदत हवी आहे म्हणून पाठवताय, की माझ्याकडून काढून घ्यायला?"

मी म्हटलं, मदत.

खोटं बोलले. त्यांना कळलं असणार.

२९ मार्च, शनिवार

पियूष बसला आज. मी बाहेर बाकावर चिऊला घेऊन. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. "चांगल्या आहेत बाई," म्हणाला. चिऊला उचललं, गोळी घेऊन दिली.

मी आत गेले. काय म्हणाला?

विमलताई माठातलं पाणी ओतत होत्या. "सुचित्राताई, मी चाळणी नाही. त्याचं ओतायचं आणि तुम्हाला खाली काढून द्यायचं, असं नाही होत. तुमचं त्याला सांगितलं असतं तर चाललं असतं का?"

नसतं चाललं.

५ एप्रिल, शनिवार

दुसऱ्यांदा बसला. त्याची वेळ संपल्यावरही दार उघडलं नाही. मग उघडलं. तो माझ्याकडे न बघता गाडीकडे गेला.

विमलताईंनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या. खिडकी लावली. परत उघडली. "मुहूर्त कधीचा आहे?" तीस. "पुढं ढकलता येईल का? परीक्षा आहे ना मुलीची?"

काही म्हणाला का तो?

"मला ते विचारू नका." आवाज नेहमीसारखा नव्हता. मग हळू — "तुम्ही आई आहात. तुम्हाला जे दिसतं ते तुमच्या मुलीला सांगायला तुम्हाला कुणाचीही परवानगी नको."

आजपर्यंत त्यांनी मला कधी काय करायचं ते सांगितलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

भैरवीला सांगितलं. विहिरीचं, चपलांचं, सगळं. ती चिऊचे कपडे घडी करत होती. घडी करत राहिली.

मग म्हणाली, "आई, तू तिथं जातेस ते बरं वाटावं म्हणून ना?"

हो.

"मग अजून असे विचार येतात हे ताईंना सांग." माझा हात हातात घेतला तिनं. मीच आजारी असल्यासारखा. "चिऊचे बाबा म्हणालेच होते मला. आईंना सांभाळ, त्यांचा तिकडं इलाज चालू आहे, त्या काहीही बोलतील, मनावर घेऊ नको."

म्हणजे माझं बोलणं आधीच पुसून ठेवलं त्यानं. मी बोलायच्या आधीच.

ह्यांना परीक्षेचं सांगितलं. लग्न ढकला. "पत्रिकेत काही आडवं नाही, मग ढकलायचं काय? तू आणि तुझी ती बाई!"

१० एप्रिल

संगीताला सगळं सांगितलं, डबा खाताना. तिनं भाकरी खाली ठेवली. "मॅडम, तुमी पोलिसात जा."

काय घेऊन जाऊ? वासराची गोष्ट?

१२ एप्रिल, शनिवार

तिसऱ्यांदा बसला. आज बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आई, तुम्ही पण इथं बोलता ना माझ्याबद्दल?" हसत. "बोलत जा. मोकळं व्हावं माणसानं."



१३ एप्रिल, रविवार

विहीणबाई आल्या. पदराच्या गाठीतून काढून दाखवलं. चांदीची पुतळी, अंगठ्याएवढी, साडी नेसलेली. पहिलीच्या नावाची. त्यांच्यात दुसरीनं ती गळ्यात घालायची असते, म्हणजे पहिली शांत राहते, त्रास देत नाही. आमच्याकडेही माझ्या आत्याच्या गळ्यात होती अशी.

तोंड नाही पुतळीला. नुसतं गुळगुळीत.

"आधी हिले आंघोळ घाला लागते," त्या म्हणाल्या. "जिथं गेली तिथल्या पाण्यानं. नवरीनं सोता शेंदून. लग्नाआधी पोरं वावरात जाऊन करून घेतीन."

मी म्हटलं, पाणी आणून देऊ की घरी. बाटलीत.

"अस्सं कुठं चालते! तिथंच करा लागते."

भैरवीनं पुतळी तळहातावर घेतली. "किती हलकी आहे," म्हणाली, आणि उशाशी ठेवून दिली.

१८ एप्रिल

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. खोली बंद असणार हे माहीत असून गेले. चर्चमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी मागच्या बाकावर बसले. कुणी विचारलं नाही. पाळक सांगत होते, वधस्तंभापाशी आई उभी होती, काही करू शकत नव्हती, पण उभी होती.

बाहेर पडताना विमलताई भेटल्या. डोळ्यांखाली काळं. माझा हात धरला आणि सोडलाच नाही. लोक बाजूनं जात होते.

"विहिरीवर जाणार आहेत पुतळी धुवायला," मी सांगितलं.

हात घट्ट झाला. "केव्हा?"

माहीत नाही. लग्नाआधी.

"मला कळवा," म्हणाल्या. "आधी कळवा."

२१ एप्रिल

ह्यांच्याशी भांडले. मोठ्यानं. विहिरीवर मी सोबत जाणार, नाही तर पुतळी नको, लग्न नको. पस्तीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता त्यांनी. शेवटी म्हणाले, "बरं बापा, जाजो सोबत. मी पण येतो." त्यांनीच पियूषला फोन करून सांगितलं — जाल तेव्हा आम्ही दोघं येऊ.

तो म्हणाला म्हणे, "हो बाबा, सगळेच जाऊ. पुढच्या सोमवारी."

जरा हलकं वाटलं. जेवले.

२६ एप्रिल, शनिवार

लू चालू आहे. रस्त्यावर कुत्रं नाही.

पियूषची शेवटची बैठक. मी बाहेर बाकावर. आतून आधी त्याचा आवाज येत होता, मग विमलताईंचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. पंखा तेवढा.

बाहेर आला. आज डोळे लाल नव्हते. चेहरा धुतल्यासारखा, तरतरीत. "ओझं उतरलं आई," म्हणाला. "आता काही राहिलं नाही मनात." चिऊच्या गालावर टिचकी मारली आणि शीळ वाजवत गेला.

माझी वेळ होती. मी दारात गेले. विमलताई खुर्चीतच. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. मला म्हणाल्या, "आज नको, ताई. आज मला एकटीला बसू द्या." आणि उठून दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला.

सोमवारचं सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी फोन केला, उचलला नाही. जाऊ दे. आम्ही दोघं सोबत आहोतच.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी ह्यांना आंघोळीला पाणी काढत होते. दारात विमलताई. रविवार, प्रार्थनेला घंटा होत होती, आणि त्या इथं. याआधी कधी घरी आल्या नव्हत्या. मागे रिक्षा उभी, त्यात ठाण्यातला एक हवालदार.

"पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या," म्हणाल्या. "दुसरी."

मग — "भैरवी कुठं आहे?"

अंथरुणात, म्हटलं मी. झोपली आहे. आवाज दिला. चिऊ एकटीच उठून आली, केस विसकटलेले. "आई भुर्र गेली," म्हणाली. "बाबा गाडी."

उशाशी पुतळी नव्हती.

हे तसेच, बिनआंघोळीचे, शर्ट घालून विहिरीकडे जायला रिक्षात बसले. विमलताई बसताना माझ्याकडे वळल्या. तोंड वेडंवाकडं झालं होतं. "कालच यायला हवं होतं मी. रात्रभर गुडघ्यांवर होते. वचन मोडायचं — म्हटलं, आधी देवाला विचारते."

मी चिऊजवळ आहे. दारात भैरवीच्या चपला नाहीत.

घालूनच असू दे तिनं. काढायला सांगितल्या तरी काढू नको गं.